आमचीही तपासणी करा : महिला व बाल विकास मंत्र्यांना एका पाळणाघरवालीचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदया,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळणाऱ्या सर्वांची नोंदणी

महोदया,

डोंबिवलीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मी पाळणाघर चालवते. आमच्यासारख्यांना कायद्यात बसवा अशी मागणी एरवी पालक करतात, तीही पेपरात काही छापून आले की चार दिवस. आज ती मी करते आहे. माझ्या घरी किती बाळे असतात, त्यांना कोण उचलते, पावडरचे दूध कुठल्या पाण्यात कालवले जाते, हे विचारायला इतक्या वर्षांत सरकारचे कोणीही आलेले नाही. खालच्या वाण्याचा तराजू मात्र दरवर्षी तपासला जातो आणि त्यावर शिक्का बसतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या मुलीला मारत असल्याचे सीसीटीव्हीत दिसले, हे आपल्याला आठवत असेल. अटक झाली, चर्चा झाली, नियम करू असे सांगण्यात आले. त्या आठवड्यात माझ्याकडच्या पालकांनीही कॅमेरा मागितला आणि मी तो लावला. लावलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅमेऱ्याला मार दिसतो. एखादे बाळ दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत जरा जास्तच शहाण्यासारखे झोपले असेल, तर ते कॅमेऱ्यात फार गोड दिसते. सर्दीच्या सिरपचे ‘दोन थेंब’ हा आमच्या धंद्यातला चारचौघींत न बोलण्याचा विषय आहे. सगळ्याजणी देतात असे मुळीच नाही. पण आठ बाळे, एक बाई आणि दुपारी न आलेली मदतनीस असा मेळ जमला की काय सुचू शकते, ते मला माहीत आहे.

या झोपेला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये तो कोर्टाच्या कागदांत सविस्तर नोंदलेला आहे, आणि आपल्या खात्यात मसुदा लिहायला कोणी बसलेच तर त्याने तो आधी वाचावा म्हणून हे पत्र.

१८७० साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात रस्त्याकडेला तान्ह्या बाळांची प्रेते सापडू लागली. रेल्फ नावाच्या पोलीस सार्जंटने वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चाळायला घेतल्या. एका जाहिरातीत बाळाला चांगले घर आणि आईची माया देऊ असे लिहिले होते. घेणार पाच पौंड, त्यात सगळे आले. त्या धाग्याने तो मार्गारेट वॉटर्स आणि तिची बहीण सारा एलिस यांच्या घरी पोचला. आत सोफ्यावर बाळे एकाशेजारी एक निजवलेली होती. मळलेली, हाडाला कातडे चिकटलेली, आणि परका माणूस आत आला तरी हूं की चूं नाही. घरात अफूचा अर्क होता. त्या वर्षीच्या ११ ऑक्टोबरला वॉटर्सला फाशी झाली. तोवर ‘बेबी फार्मिंग’, म्हणजे पैशासाठी दुसऱ्यांची तान्ही मुले ठेवून घेण्याचा धंदा, हा शब्द इंग्लंडभर झाला होता. अर्नेस्ट हार्ट या डॉक्टर-संपादकाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून दोन वर्षे आधीच या व्यवहाराची लक्तरे बाहेर काढली होती.

वॉटर्सला राक्षसीण म्हटले की विषय संपतो, म्हणून तेव्हाच्या पेपरांनी तेच म्हटले. मला मात्र तिच्या हिशेबाकडे बघावेसे वाटते, कारण मीही महिन्याच्या एक तारखेला वही उघडते. १८३४ च्या गरीब कायद्याने लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा भार जवळजवळ सगळा आईवर टाकला होता. घरकामाला राहणाऱ्या मुलीला मूल कडेवर घेऊन कुठेच नोकरी मिळत नसे. मग ते कोणाकडे तरी ठेवायचे, आठवड्याला काही शिलिंग देऊन, नाहीतर एकरकमी पाच-दहा पौंड देऊन कायमचे. खरी मेख या एकरकमीत आहे. मूल महिनाभर जगले काय आणि पाच वर्षे जगले काय, आलेले पैसे तेवढेच; दूध मात्र रोज लागणार. म्हणजे पोराचा प्रत्येक दिवस तोट्याचा. दूध पातळ करायचे, त्यात चुन्याचे पाणी घालायचे, आणि रडले की गॉडफ्रेज कॉर्डियल. अफू आणि काकवीचे हे सरबत किराणा दुकानातही मिळे. अफू दिलेल्या बाळाला भूक लागल्याचे कळत नाही, ते मागत नाही, आणि न मागणाऱ्याला कोणी पाजत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर अशक्तपणा किंवा आकडी लिहिली जाई. यातल्या बहुतेक बायकांनी कोणाचा गळा दाबला नाही.

वॉटर्सनंतर संसदेत चार्ली नावाच्या खासदाराने विधेयक आणले : पैसे घेऊन तान्हे मूल सांभाळणाऱ्याने नोंदणी करावी. त्याला विरोध केला तो स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या लिडिया बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचे म्हणणे असे, की गिरणीत जाणारी बाई पोर शेजारणीकडे ठेवते. त्या शेजारणीच्या दारात सरकारी पुरुष निरीक्षक उभा केलात तर ती हे काम सोडून देईल, आणि गिरणीतल्या बाईने मग करायचे काय? बापाच्या जबाबदारीबद्दल तर कोणी शब्द काढत नव्हते. मला हे म्हणणे आजही पटते. पण त्यातून जो कायदा निघाला तो बघा. १८७२ च्या शिशुजीवन संरक्षण कायद्याने नोंदणी सक्तीची केली ती एक वर्षाखालची दोन किंवा अधिक मुले चोवीस तासांहून जास्त ठेवणाऱ्यांना. एकच मूल ठेवणारी बाई सुटली. नात्यातली सुटली. दिवसभर सांभाळून संध्याकाळी परत देणारी सगळी सुटली. लंडनमध्ये अंमलबजावणीला १८७८ पासून एक निरीक्षक नेमला होता, सॅम्युएल बेबी. (आडनाव खरेच तेच.) एवढ्या अवाढव्य शहराला एक माणूस.

मधल्या काळात ब्रिस्टलकडे अमेलिया डायर नावाची नर्सिंग शिकलेली बाई मुले घेत होती. १८७९ साली निष्काळजीपणाबद्दल तिला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटून आल्यावर नाव बदलत, गाव बदलत तिने काम चालूच ठेवले. ३० मार्च १८९६ ला रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला थेम्स नदीत एका नावाड्याला पुडके सापडले. आत बाळ, गळ्याभोवती पांढरी फीत. गुंडाळलेल्या कागदावर पुसट झालेले एक नाव आणि पत्ता पोलिसांनी भिंगाखाली वाचला, म्हणून ती सापडली, नोंदणीमुळे नव्हे. ज्युरीला पाच मिनिटेही लागली नाहीत. १० जूनला न्यूगेट तुरुंगात तिला फाशी दिली. याच दशकात सिडनीत जॉन मेकिन आणि न्यूझीलंडमध्ये मिनी डीन याच धंद्यापायी फासावर गेले.

मग १८९७ साली इंग्लंडने कायदा सुधारला, वयाची मर्यादा पाच वर्षांवर नेली, आणि वीस पौंडांपर्यंत एकरकमी घेऊन मूल ठेवून घेणाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. एका मुलाची सूट तरीही राहिलीच. ती गेली १९०८ च्या बालक कायद्याने, म्हणजे वॉटर्सच्या फाशीनंतर अडतीस वर्षांनी.

महोदया, आपल्याकडे या घटकेला जी सूट आहे ती इंग्लंडच्या १८७२ सालच्या सुटीची सख्खी बहीण आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहे, खुली निवारागृहे, दत्तक संस्था यांना नोंदणी सक्तीची केली. ते निराधार, संकटातल्या मुलांसाठी. आईबाप असलेले, दिवसभर माझ्याकडे राहून रात्री आपल्या घरी जाणारे मूल त्या व्याख्येत बसत नाही. याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये क्रूरतेला जबर शिक्षा आहे. ती मूल मोडल्यावरची. कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात, आणि प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणले. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी एक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, एक साड्यांच्या दुकानात, एक शिकवणी घेते. त्यांच्या मालकांकडे पन्नास माणसे कुठून येणार? अंगणवाडी तीन वर्षांपुढच्यांना बसवून घेते आणि दुपारी बंद होते. सहा महिने ते तीन वर्षे या वयाला घरी न्यायचा आहार मिळतो, आणि सांभाळायला कोणी लागते ते नेमके याच वयाला. ऊसतोडीच्या फडात हेच बाळ बांधावर झोळीत असते आणि राखायला सात वर्षांची बहीण.

ही साहेबाच्या देशातली गोष्ट, आपल्याकडे माणुसकी आहे, असे कोणी आपल्याला सांगेल. १९२० च्या दशकात डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाईंनी मुंबईच्या गिरणगावात बाळंतिणींची पाहणी केली. कामावर जाताना तान्ह्याला अफूची गोळी चारून निजवणे हा तिथला जवळजवळ सार्वत्रिक रिवाज होता. त्या आया मुलांच्या जिवावर उठल्या नव्हत्या. भोंगा झाला की जावे लागे, एवढेच. अशा पाहण्यांतूनच पुढे १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला.

आणि आपल्याकडचा दुसरा धडाही आहे. ब्रिक्स्टनच्या सात वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. पुढे तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी तसेच घर उघडले. इंग्लंडने मारणारी बाई शोधून फासावर दिली. इथे दोन माणसांनी आधी आईला दार उघडून दिले. मला दोन्ही हवे आहे, पण क्रम पुण्याचा हवा.

म्हणून मागणे असे. पैसे घेऊन तीन वर्षांखालचे मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाची नोंद घ्या, मूल एक असले तरी. ‘घरगुती’, ‘छोटे’, ‘शेजारधर्म’ म्हणून कोणालाही वगळू नका. या तीन शब्दांनी मोठे फ्रँचायझीवाले सुटणार नाहीत, आम्ही सुटू, आणि बहुसंख्य बाळे आमच्याकडेच आहेत. नोंदणीला फी ठेवू नका. फी ठेवलीत की एजंट येईल, आणि एजंट आला की बेकरबाईंचे म्हणणे खरे ठरेल : पोळ्या लाटून दोन पोरे सांभाळणारी बाई दार लावून घेईल आणि तरीही पोरे सांभाळेलच.

तपासायला पोलीस पाठवू नका. अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा परिचारिका पाठवा, जिला बाळ उचलताच वजन कळते. न सांगता, आणि दुपारी पाठवा. तिने फ्रीज उघडावा, बाटल्या उकळायचे भांडे बघावे, औषधांचा डबा बघावा, झोपलेल्या बाळाला हलवून उठवून बघावे. माझ्याकडे आली तर मी कुरकुर करेन, कारण उठवलेले बाळ परत निजवायला मलाच अर्धा तास लागतो. तरी तिने उठवावे. एका बाईमागे तान्ही किती, याचा आकडा कायद्यातच लिहा, जीआरवर सोडू नका. माझा अनुभव सांगतो की चालता न येणारी तीन. चौथ्याला हात उरत नाही.

आकडा लिहिलात की माझा खर्च वाढेल आणि मी दर वाढवीन, हेही लपवत नाही. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला तो परवडणार नाही. ती फरकाची रक्कम सरकारने द्यावी, नाहीतर अंगणवाडीला जोडून तिच्या कामाच्या वेळेची पाळणाघरे काढावीत. केंद्राची पाळणा योजना कागदावर हेच सांगते. कल्याण-डोंबिवलीत ती कुठल्या गल्लीत सुरू आहे, ते आपल्या कार्यालयाने कळवले तर मी दोन आयांना उद्याच तिकडे पाठवीन. नुसती सक्ती आणि मदत शून्य असे केलेत, तर बाळे आणखी स्वस्त, आणखी आतल्या खोलीत जातील.

मसुदा हरकती-सूचनांसाठी निघेल तेव्हा तो मराठीत असावा, आणि सूचना द्यायला मुंबईत हेलपाटा घालावा लागू नये. नोंदणीचा अर्ज एका पानाचा ठेवा. आमची पोरे एक ते तीन झोपतात, तेवढ्या वेळात भरून झाला पाहिजे, आणि त्याच वेळात डबेही धुवायचे असतात.

आपली,
डोंबिवलीतील एक पाळणाघरवाली