बंदूक अशी हातात देता येत नाही, बाबा

लालबाग, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गणपतीहून परत येऊन आठ दिवस झाले. विषय फोनवर काढणार होते, पण बाबा, तुम्ही "बघू गो" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र. दोघांनी बसून वाचा.

विसर्जनाच्या रात्री भजन आटपल्यावर तुम्ही सगळ्या भावकीसमोर सांगितलंत, यंदा खंडेनवमीची पूजा झाली की आजोबांची बंदूक माझ्या भावाच्या, बाळ्याच्या हातात देणार. बाळ्याचा चेहरा असा उजळला की मला तिथे तोंड उघडवेना. त्या बंदुकीवर माझाही जीव आहे. दस्त्याला आजोबांनी बांधलेली तांब्याची तार, खोबरेल लावून तुम्ही नळी पुसता तेव्हाचा तो वास, कोयत्या-कुदळीशेजारी पाटावर मांडून तिला लावलेलं हळदकुंकू आणि झेंडू, हे सगळं माझ्या लहानपणातलं आहे. ती घरातून जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण तुम्ही म्हणता तशी ती देता येत नाही.

बारा वर्षं मी फोर्टात वकिलांकडे टायपिंग करतेय. शस्त्रांच्या कायद्याची किती प्रकरणं या हातांखालून गेली याची गणती नाही. एक मुलगा तर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. परवाना वडिलांच्या नावावर आणि पिस्तूल पोराच्या गाडीत, नाकाबंदीत सापडलं. वडील आमच्या ऑफिसात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "घरचीच वस्तू आहे हो, मीच दिली त्याला." त्यांना वाटायचं, आपण दिली म्हटलं की पोरगा सुटेल. उलट त्या वाक्याने दोघंही अडकले. परवाना नसताना बाळगली म्हणून मुलगा, आणि घेणाऱ्याला हक्क आहे की नाही हे न बघता हवाली केली म्हणून बाप. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं अशी झाली आहे.

बाळ्या आत्ता 20 चा आहे. तुम्ही म्हणालात, 18 चा झाला, मतदान करतो, गाडी चालवतो, मग अडचण काय? अडचण हीच, की 1959 च्या शस्त्र अधिनियमात 21 पूर्ण झाल्याशिवाय बंदूक घेताही येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. मुलाच्या लग्नाला 21 लागतात, तसे बंदुकीलाही 21. ठासणीची आहे, नळीत दारू ठासून उडवायची, जुनी आहे, तिला कोण विचारतो, असंही काका म्हणत होते. पण तुमचा परवाना तिच्याचसाठी आहे ना? म्हणजे कायद्याच्या लेखी ती बंदूकच.

आणि त्या स्टॅम्पपेपरचं. काकांनी सुचवलं, बक्षीसपत्र करून टाका. बक्षीसपत्राने भांडी देता येतील, दागिने देता येतील. बंदूक फक्त परवाना असलेल्या माणसाला देता येते, आणि तीही जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून, 45 दिवस थांबून. आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम उलटा झाला की प्रेमाने दिलेली वस्तूसुद्धा गुन्ह्याचा मुद्देमाल होते.

मे महिन्यातलं एक तुम्हाला आजवर सांगितलं नाही. मी सीएसएमटीहून लोकलमध्ये चढले होते. सँडहर्स्ट रोड गेलं आणि बाळ्याचं स्टेटस दिसलं: आपली पोफळीची बाग, खांद्यावर बंदूक, खाली लिहिलेलं, "वानरांनो, या आता." माझे हातपाय गार पडले. गर्दीत धड बोलता येईना, तरी फोन लावून त्याला म्हटलं, आधी काढ ते. तुम्ही म्हणाल, माझीच बंदूक, मीच दिली होती बागेत जायला. पण परवाना नसलेल्याने दुसऱ्याची बंदूक नेण्याची मुभा फार थोडी आहे. दुरुस्तीला न्यायची, नूतनीकरणाला न्यायची, किंवा परवानेवाल्याच्या स्वतःच्या वापरासाठी सोबत धरायची, तीही त्याच्या देखत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने. बाळ्या तर एकटाच होता. आणि ते स्टेटस आमच्या चाळीतल्या पोरांनीही पाहिलं होतं.

तुमचा परवाना शेतीसंरक्षणाचा, आपल्या भागापुरता. म्हणून दसऱ्यानंतर "घेऊन जा मुंबईला, तुझ्यापाशी ठेव" हे तर मनातूनही काढून टाका. इथे परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आणि ते पहिलं विचारतात, बंदूक कशासाठी हवी? आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं झोपतात, पोरं शेजारून आत-बाहेर करतात. तिथे ती ठेवायची कुठे?

बाबा, मार्ग आहे आणि तो तुमच्यासाठी मोकळा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानेवाल्याची सत्तरी झाली किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं राहिली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. तुमच्याकडे ती 1998 पासून आहे. आजोबा गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा होती आणि तुम्ही ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घालत होतात, ते आठवतं मला. तसं पुन्हा कुणावर यायला नको. मात्र वारस म्हणजे आपोआप मालक नव्हे. बाळ्याला स्वतःचा अर्ज करावा लागेल, पोलिसांची चौकशी होईल, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल, बंदूक कुलपात सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागेल. पुढच्या आषाढात त्याला 21 पूर्ण होतील. तोवर शिकायची हौस असेल तर 21 च्या आतल्यांना देखरेखीखाली सरावापुरती सूट कायद्यानेच ठेवली आहे. इथे वरळीला नेमबाजीची रेंज आहे, मी स्वतः त्याच्याबरोबर जाऊन चौकशी करीन.

आणि एक. त्या नियमात वारस म्हणून मुलगीही बसते. भजनाच्या रात्री हे कुणाच्या मनातही आलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. मला बंदूक नको आहे. मी इथे, बाग तिथे, खोटं कारण लिहून मी अर्ज करणार नाही. पण विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं.

बाळ्याचंही खरं तर तेच आहे ना? तो इथे नोकरी शोधतोय. शेती करणार नसेल तर शेतीसंरक्षणाचा परवाना कशाच्या आधारावर मागणार? बाबा, मला वाटतं तुम्हाला बंदूक द्यायची नाहीये, तुम्हाला बाळ्या गावाला यायला हवाय. बंदूक हातात आली की तो बागेसाठी परत येईल, असं तुमच्या मनात आहे. तसं असेल तर त्याला तसंच सांगा. माझ्याकडे तो पोफळीचा भाव विचारत असतो, तुमच्यासमोर बोलत नाही.

आई, तू मागे म्हणालीस, एकदाची देऊन टाका ती ठाण्यात. कुणालाच नको असेल तर परवानाधारक दुकानदाराला रीतसर विकता येते, पण ते बाबांनी ठरवायचं. तू एवढंच कर. कपाटाची चावी देवाच्या फळीवर असते, ती काढून बाबांच्या कमरेला दे. बंदुकीची दारू आणि केपा, म्हणजे ठिणगीच्या टोप्या, वेगळ्या डब्यात कुलूप लावून ठेवा. तांदळाच्या पेटीत नकोत.

परवान्याच्या सगळ्या पानांचे फोटो बाळ्याला नको, मला पाठवा. मुदत कधी संपते ते बघते. खंडेनवमीला पूजा नेहमीसारखी करा, बंदूक पाटावर मांडा, बाळ्याला नमस्कार करू दे आणि मग बाबांनीच ती कपाटात ठेवा. मी सुट्टी टाकली आहे, आदल्या रात्रीच्या गाडीने येते. अर्जाचे कागद बरोबर आणीन.

तुमची,
बाय