जाहिरात खरी की शिळी, एवढं तरी कळू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

माझ्या मोबाइलवर आजघडीला शिक्षक भरतीचे चौदा ग्रुप आहेत. नऊ व्हॉट्सअ‍ॅपवर, पाच टेलिग्रामवर. सकाळी चहा टाकायच्या आधी मी ते चाळते. घरच्यांना वाटतं पोरगी रिकामटेकडी मोबाइल घेऊन बसते. पण बी.एस्सी. बी.एड. झालेल्या मुलीला नोकरी शोधायची दुसरी जागा कुठली, ते त्यांनाही सांगता येत नाही.

गेल्या जूनमध्ये अशीच एक जाहिरात आली. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो, पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन धुरकट झालेला. 'गणित-विज्ञान, एक जागा. थेट मुलाखत शनिवारी सकाळी 10 वाजता. मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे. वेतन पात्रतेनुसार.' तारीख असते ती वरची पट्टी फोटोत आलीच नव्हती. पहाटे पाचची एसटी धरली (अर्धं तिकीट आहे म्हणून बरं), मधे एकदा गाडी बदलली आणि पावणेदहाला शाळेच्या फाटकात उभी राहिले. शिपाईमामांनी फाइल बघितली आणि आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, ही जागा मागच्याच वर्षी भरली. आज तुम्ही चौथ्या." बाकीच्या तिघी व्हरांड्यात परतीच्या गाडीची वेळ विचारत बसल्या होत्या. आम्ही तिथल्या तिथे एक नवा ग्रुप काढला. तो पंधरावा, पण चालला नाही.

ही शिळी जाहिरात झाली, खोटी त्याहून वाईट. 'नोंदणी शुल्क 500 रुपये, जागा मर्यादित' असं लिहून खाली क्यूआर कोड. माझ्या मैत्रिणीने भरले. दुसऱ्या दिवशी तो नंबरही बंद आणि डीपीवरचा शाळेच्या इमारतीचा फोटोही गायब.

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल, आहे. आहे, आणि 2017 साली ते आलं तेव्हा आमच्यासारख्यांना, ज्यांच्याकडे संस्थाचालकाला द्यायला लाखो रुपये नाहीत त्यांना, मोठा आधार वाटला. शिक्षक भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर झेडपीच्या शाळेत लागलेल्या मुली माझ्या ओळखीत आहेत. पण चाचण्या झाल्या 2017, 2023 आणि 2025 मध्ये. मधल्या काळात माणसाने करायचं काय? तासिका तत्त्वावर शिकवायचं, स्वयंअर्थसहाय्यित शाळेत मिळेल त्या पगारावर जायचं. या जागा पोर्टलवर नसतात. त्या ग्रुपवर असतात आणि त्यांचा कोणालाही हिशेब नाही.

'पात्रतेनुसार' या शब्दाचा अर्थ मुलाखतीच्या शेवटी कळतो. शासनाने जानेवारी 2023 पासून शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, पहिली ते आठवीसाठी 16,000, नववी-दहावीसाठी 18,000 रुपये मानधन ठरवलं. मला एका शाळेने आठ हजार सांगितले, तेही दहा महिनेच. सुट्टीत पगार नाही. वर मूळ गुणपत्रिका कार्यालयात ठेवा, मधेच सोडून जाऊ नये म्हणून. आकडा जाहिरातीत असता तर मी गेलेच नसते आणि कदाचित म्हणूनच तो लिहीत नाहीत.

सोशल मीडिया बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. पोर्टलवरचं न्यूज बुलेटिन आम्हाला पोर्टलच्या आधी टेलिग्रामवर स्क्रीनशॉटमधून कळतं. 2025 च्या चाचणीनंतर मुलांनी आपापले गुण, प्रवर्ग, माध्यम भरून एक्सेलची यादी केली आणि कटऑफचा अंदाज बांधला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अनोळखी माणसं एकमेकांचे प्राधान्यक्रम तपासून देत होती. माझ्या एका मित्राने भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवल्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला, तो बघून एका मुख्याध्यापकांनी त्याला पाठाला बोलावलं आणि घेतलं. तेव्हा ग्रुप राहू देत. तिथे आलेली जाहिरात पडताळायची सोय मात्र द्या.

मागणी एवढीच. अनुदानित असो, विनाअनुदानित असो की स्वयंअर्थसहाय्यित, कायम असो की तासिकेवर, प्रत्येक जागेची जाहिरात शाळेने आधी शासनाच्या एका पानावर टाकावी. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक आहेच, त्यालाच जोडून जाहिरातीला क्रमांक मिळावा. विषय, पगाराचा आकडा, मुलाखतीची पूर्ण तारीख लिहिल्याशिवाय तो मिळू नये. जागा भरली की तिथे 'भरली' असा शेरा पडावा. मग कात्रण कितीही वेळा फॉरवर्ड होऊ दे, मी क्रमांक टाकून घरबसल्या बघेन आणि ठरवेन, पाचची एसटी धरायची की नाही.

'पवित्र' हे ज्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप आहे, त्यांत सगळ्यांना दिसेल अशी शिक्षक भरती हेच म्हटलंय. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये.

येत्या शनिवारची एक जाहिरात आत्ताच आली आहे. शाळेचा फोन लागत नाही. फाइल भरून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक बी.एड. उमेदवार
परभणी जिल्हा