कराचा आकडा खोक्यावर छापा

महोदय,

दहावीच्या निकालानंतर चिरंजीवांनी प्लेस्टेशनचा (टीव्हीला जोडून खेळायच्या गेमयंत्राचा) हट्ट धरला. विश्रामबागेतल्या दुकानात उभा होतो, तोच अमेरिकेतल्या भाच्याचा फोन : 'मामा, इथं स्वस्त पडतं!' खरंय. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आपल्याकडं ४९,९९० रुपयांना आलं. तिकडचे ४९९ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेछत्तीस हजार. पण तिथं विक्रीकर बिलावर वेगळा चढतो (हे भाचा सांगत नाही), आपल्या एमआरपीत आयातशुल्क, जीएसटी सगळं आलं. ब्राझीलमध्ये तर मुख्यतः करांमुळं २०१३ साली प्लेस्टेशन ४ तब्बल ३,९९९ रेआलला, अमेरिकेच्या चौपटीहून महाग! आमच्याकडं हळदीचा सौदा चारचौघांत होतो. मग खोक्यावर कराचा आकडा वेगळा छापायला काय हरकत आहे?

– एक पालक, सांगली