उत्सवी नाटकाचा पडदा सायंकाळीच उघडावा

माननीय संपादक महोदय,

जत्रांचा हंगाम जवळ आला की आमच्या गोव्यातील फोंडा तालुक्यात एक तक्रार हमखास कानावर येते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागत असल्यामुळे देवळांतील उत्सवी नाटके संपुष्टात येत आहेत, अशी ती तक्रार असून त्यावर शासनाने जत्रांना सरसकट सवलत द्यावी, असा उपायही लगोलग सुचवला जातो. तक्रारीत तथ्य आहे. उपाय मात्र मला पटत नाही.

देवळाला लागूनच नाटक रंगावे, यात अंत्रुज महालातील, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातील माणसाला नवल वाटू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालील सासष्टीतून मंगेशाला १५६० साली कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गेला १५६६ साली केळशीहून नदीपार आणण्यात आले. वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला आला, आणि नागेश तर आधीपासून येथेच होता. त्या वेळी हा मुलूख आदिलशाहीत असल्याने देवांना येथे थारा मिळाला. काही किलोमीटरांच्या टापूत एवढी देवस्थाने वसल्यावर त्यांच्या अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याच्या जागा), सभामंडप आणि चौक हेच गायन, कीर्तन, काला आणि नाटक यांचे हक्काचे स्थान झाले. दीनानाथ मंगेशकर १९०० साली मंगेशीतच जन्मले आणि १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभी केली. पुढे पं. जितेंद्र अभिषेकीही याच गावाने दिले. ही परंपरा टिकावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न वेळेचा आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी बारापर्यंत मुभा देता येते; पण ती वर्षाकाठी पंधरा दिवसांपुरतीच. प्रत्येक देवाच्या जत्रेची तिथी वेगळी असल्यामुळे या पंधरा दिवसांत गावोगावच्या जत्रा बसवणे कोणालाही शक्य नाही. शिवाय देवळाशेजारी राहणारे आजारी, म्हातारे आणि परीक्षेला बसणारी मुले हीसुद्धा त्याच देवाची माणसे आहेत, याचा सवलत मागणाऱ्यांना विसर पडतो.

पूर्वी पाच अंकी संगीत नाटक रात्रभर चालत असे आणि पहाटे पडदा पडे. आजची बहुतेक नाटके दोन अंकी असून अडीच-तीन तासांत संपतात. पडदा साडेसहाला उघडला, तर दहाच्या आत सारे आटोपते. पालखीची वेळ ठरवणे हा सर्वस्वी देवस्थानाचा अधिकार आहे. जेथे पालखी सायंकाळीच काढावी लागते, तेथे नाटक उत्सवातील अन्य एखाद्या दिवशी ठेवावे. नोकरी करणाऱ्या हौशी कलाकारांना दुपारीच रंगायला बसणे अवघड जाते, हे मला मान्य आहे. परंतु उत्सव बहुधा अनेक दिवसांचा असतो आणि त्यात शनिवार किंवा रविवार सापडला, तर नाटकाला तोच दिवस द्यावा.

खरे तर उशीर नाटकामुळे होतच नाही. पत्रिकेवर ‘रात्रौ ठीक साडेनऊ’ असे छापलेले असते आणि त्यानंतर प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभार आणि आभारांचेही आभार असा क्रम सुरू होतो. नांदी ऐकू येईपर्यंत अकरा वाजलेले असतात! मग अंक कापले जातात, पदे गाळली जातात, नाहीतर पुढल्या वर्षी नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा आणला जातो. महिनोन्महिने तालमी केलेल्या गावच्या मुलामुलींवर हा अन्याय आहे. सत्कार करायचेच असतील, तर ते महाप्रसादाच्या वेळी करावेत; तेथे श्रोतेही आयतेच मिळतील.

देवस्थान समित्यांनी यंदाच्या पत्रिका छापखान्यात देण्याआधी आपापल्या नाट्यमंडळांना बोलावून घ्यावे, नाटकाची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवावी आणि तीच पत्रिकेवर छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नाट्यरसिक, फोंडा