बाण सरळ दाखवतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा मी मुद्दाम गच्चीतच थांबलो. दारात आलो असतो तर परत तेच बोललो असतो, आणि तू परत म्हणाली असतीस, "बाबा, तुम्हाला सगळीकडे दरीच दिसते." बुटाच्या नाड्या बांधताना तू दोनदा वर पाहिलंस. मी हात हलवायला हवा होता.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून हे कागदावर. फोटो काढून पाठवतोय. पहिल्या मुक्कामाला रेंज असेल, तिथे वाच. परत फिरण्याच्या वेळेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय.

तुझी यादी टेबलावरच राहिली होती. पाच दिवस, आठ जण, तेवीस कॅश, म्हणजे तुमच्या त्या जिओकॅशिंगच्या खेळात कुणीतरी लपवलेल्या आणि जीपीएसवरून शोधायच्या डब्या. एकाची डिफिकल्टी पाचपैकी दीड आणि टेरेन साडेचार, म्हणजे डबी शोधणं सोपं, तिथवर पोचणं महाकठीण. टेरेन पाच असेल तर दोर, होडी असं काहीतरी लागणार हे माणूस धरूनच चालतो. साडेचाराला ते लागत नाही, म्हणूनच तो बेसावध राहतो, असं आपलं माझं मत.

बत्तीस वर्षं नकाशे काढले, हाताची सवय जात नाही. ती साडेचारची जागा मी कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांच्या, नकाशावर मांडून पाहिली. धारेवर पोचल्यावर तुझ्या जीपीएसवर अंतर दिसेल ३४० मीटर. आठही जणांचे चेहरे उजळतील. पण त्या ३४० मीटरमध्ये नऊ कंटूर खाली जातात आणि सात पुन्हा वर येतात, वीस-वीस मीटरचे, एकमेकांना चिकटलेले. बाण सरळ दाखवतो, पक्ष्याला दाखवावं तसं. मध्ये घळ आहे हे त्याच्या गावीही नसतं. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा सांगितला होता: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. तोही चांगल्या वाटेवर, न थांबता. डबी शोधण्यात जाणारा वेळ त्यात कुठे धरलाय? त्यात घळीत उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतात, आकडे नाचायला लागतात. उघड्या माळावर चार-पाच मीटरची चूक असते, ती तिथे कितीतरी वाढते. मग तुम्ही आठ जण कड्याच्या काठावर दगड उलटे करत बसणार आणि उजेड

बघ, झालं सुरू. माफ कर. तुला हे सगळं माझ्याहून जास्त माहीत आहे.

या खेळाचा जन्म तूच मला सांगितला होतास, जिन्यात बसून, एका दमात. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनच्या रानात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. "बाबा, एका दिवसात!" म्हणालीस. तू तेव्हा नऊ वर्षांची. त्याच रविवारी तुला पहिली डबी सापडली, पडलेल्या झाडाच्या मुळाशी. माझ्या हातातलं यंत्र बारा मीटर पलीकडचं दाखवत होतं आणि मी तिथेच झुडपं धुंडाळत होतो. तू माझ्याकडे न बघता सरळ मुळाशी गेलीस. आतला कागद ओला होता, त्यावर तू नाव लिहिलंस, 'क्त' उलटा. वस्तू घ्यायची तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची, हा नियम कळल्यावर किती वेळ विचार केलास! शेवटी वासाचं खोडरबर आत गेलं आणि तू घेतलंस एक पितळी बटण. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाहीस.

आज त्याच पोरीच्या भरवशावर सात जण डोंगरात जातात. हे मी शेजारच्या काकांना तीनदा सांगितलं. तुला एकदाही सांगितलं नाही.

अण्णाचं नाव काढणार नव्हतो. पण परवा तू म्हणालीस, "अण्णाकाकांची गोष्ट वेगळी होती." नव्हती गं. त्यालाही माथ्यावरचा दगडांचा ढीग समोर दिसत होता. दोन वाजता फिरायचं, हे आम्ही सकाळीच ठरवलं होतं. दोन वाजले, मी फिरलो. तो म्हणाला, "दहा मिनिटं." मी फिरलो याबद्दल घरात मला कधी कुणी बोललं नाही. एकटा फिरलो, याबद्दल मीच स्वतःला बोलतो. त्या दिवशी त्याचा दंड धरायला हवा होता.

म्हणून तुला दरी दाखवत बसतो. खरं म्हणजे दरीची भीती नाही मला, त्या दहा मिनिटांची आहे. तू आठ जणांची पुढारी आहेस. वेळ सकाळी सगळ्यांसमोर सांग आणि फिरताना आठही जण फिरा. ज्याला डबी दिसतेय त्यालाही ओढून आण. तो चार दिवस रुसेल. रुसू दे.

आईला काय सांगू आता? दिलेला शब्द मोडला.

शिट्टी पिशवीच्या पट्ट्याला बांधलीय. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं. उत्तर तीनदा येतं. जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेव, थंडीत त्या लवकर बसतात. आणि रोज रात्री फोन नको करूस. खाली उतरलात की नुसतं 'उतरलो' लिही. 'उतरले' नको, 'उतरलो'.

तुझा,
बाबा

ता. क. ते पितळी बटण पिशवीच्या वरच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून ठेवलंय. इतकी वर्षं माझ्या कंपासपेटीत होतं, तुला वाटत होतं हरवलं. एखाद्या डबीत टाकून ये. साडेचारच्या नको, जाता-येता सापडेल अशा एखाद्या.