आठ बिघ्यांचं खातं

लोकमान्यनगर, इंदूर
सोमवार, रात्री

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवताच गेलीस. डबा भरून ठेवला होता, तो ओट्यावरच राहिला. सांवेरला पोचल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. काय ते मी समजले.

शेतीचं बँकेत वेगळं खातं उघडू म्हटलं, तर "आठ बिघ्यांना कसलं वेगळं खातं, आई?" असं म्हणालीस. बँकेत शेतीकर्जाच्या काउंटरवर इतकी वर्षं बसले, म्हणूनच म्हणते: आठ बिघ्यांनाच लागतं. पन्नास बिघेवाल्याकडे मुनीम असतो. आठ बिघे, म्हणजे दोन हेक्टरवाल्याचा हिशोब पासबुकात नसेल तर कुठेच नसतो.

दादाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. फक्त खात्याचं लिहिते.

मे महिन्यात काय झालं ते बघ. सरकारी खरेदीत गहू दिला, त्याचं पेमेंट आधारशी जोडलेल्या खात्यात आलं. बाबांचं आधार जोडलेलं आहे आमच्या घरच्या खात्याला, जिथे माझी पेन्शन येते. त्याच आठवड्यात त्याच खात्यातून अँजिओप्लास्टीचं बिल गेलं. हार्वेस्टरवाल्याचे आणि डिझेलचे पैसे तू तुझ्या पगारातून दिलेस. लसणाचे आडत्याने तुझ्या नंबरवर टाकले. मग वडोदऱ्याहून दादाने विचारलं, "यंदा उरलं किती?" आणि आपल्या तिघांपैकी एकाकडेही आकडा नव्हता. त्याने संशयाने नाही विचारलं गं. पण आकडा नसला की साधा प्रश्नही टोचतो, आणि तू तुटक बोललीस, आणि तोही. आला बघ विषय. असू दे.

आता कामाचं. बाबांच्या आणि तुझ्या नावाने संयुक्त बचत खातं उघडायचं. चालू खातं नको. त्यावर व्याज नाही, किमान शिल्लक जास्त, आणि आपली ना फर्म आहे ना जीएसटी. पहिलं नाव बाबांचंच. जमीन त्यांच्या नावावर, पावती (जमिनीची ऋणपुस्तिका) त्यांची, मंडीतले कागद त्यांच्या नावाने निघणार, तर पैसाही त्यांच्याच नावाने दिसला पाहिजे. खात्यावरचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर नोंदलं जातं. ते व्याज करपात्र असतं, मुद्दल शेतीचं असलं तरी. हे पुष्कळांना माहीत नसतं.

फॉर्मवर खातं चालवण्याची पद्धत विचारतात, तिथे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'वर, म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल त्यावर, खूण कर. वयस्कर माणूस समोर दिसला की काउंटरवरचे लोक आपणहून 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' करून टाकतात. त्यात पहिलं नाव हयात असेपर्यंत दुसऱ्याला एक रुपया काढता येत नाही. बाबा आयसीयूत होते तेव्हा शेतावर सहा बायका कापणीला होत्या, आठवतं ना? तसं पुन्हा व्हायला नको. सही करायच्या आधी ती ओळ बोट ठेवून वाच. मोबाईल नंबर दोघांचे नोंदव, नाहीतर प्रत्येक ओटीपी बाबांच्या फोनवर जाईल आणि दुपारी ते झोपलेले असतील.

नॉमिनी दादा. हे तुला पटणार नाही, तरी कर. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेकडून पैसे घेऊन हक्कदारांपर्यंत पोचवणारा. संयुक्त खात्यात नॉमिनीची वेळ दोघंही नसल्यावरच येते. पण फॉर्मवर त्याचं नाव असलं की त्यालाही कळतं, यात काही लपलेलं नाही. आणि दुसरं नाव तुझं आहे म्हणून पैसा तुझा, असं कायदा म्हणत नाही, तूही कधी म्हणू नकोस. उद्या बाबांचं काही झालं तर (हे लिहिताना पेन थांबतं) फौती नामांतरणात, म्हणजे जमिनीवर वारसांची नोंद होताना, आपली तिघांची नावं चढतील. तेव्हा खात्यातली प्रत्येक नोंद बोलकी असली पाहिजे.

बँक कुठली? बाबांचं किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज (केसीसी) जिथे आहे, तीच शाखा. शेतीचा पैसा पहिल्यांदा कर्जाचाच असतो, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला बरा. पण तुझं पगाराचं खातं त्या बँकेत कधीही नेऊ नकोस. स्वस्त गृहकर्ज देतो म्हणतील, तरी नाही. कर्ज थकलं की त्याच बँकेतल्या त्याच माणसाच्या जमेवर हात घालायचा अधिकार बँकेला असतो. केसीसी थकलं म्हणून खात्यावर होल्ड लागला आणि मुलाच्या फीचा चेक परत गेला, असे किती आईबाप माझ्यासमोर उभे राहिलेले आहेत. तू अजून सहकर्जदार नाहीस. कोणी 'फक्त एक सही' म्हणालं तर मला फोन कर. कितीही रागात असलीस तरी.

केसीसीचं गणित एकदा नीट समजून घे, म्हणजे खातं वेगळं का, ते आपोआप कळेल. पिकाला हेक्टरी ठरलेला दर गुणिले क्षेत्र. त्यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चाला, आणि २० टक्के अवजारं-विहिरीच्या देखभालीला. धर, दर ५०,००० आणि आपले २ हेक्टर: १ लाख, अधिक १०,०००, अधिक २०,०००. वर विम्याचा हप्ता. घरखर्चासाठी आणि काढणीनंतरच्या सगळ्यासाठी मिळून बँकेने दहा टक्केच धरलेत, बघ. २ लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून हा नियम आहे, आधी १.६ लाख होता. शाखेत जमीन गहाण मागितली तर शांतपणे हे सांग.

व्याज ७ टक्के. वेळेवर भरलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे ४. लाखाला वर्षाचे तीन हजार रुपये. एक दिवस उशीर झाला तरी सूट गेली, आणि मुदतीनंतर बँकेचा नेहमीचा, चढा दर. पैसे नसतात म्हणून उशीर होतो असं नाही. बहुतेकदा पैसे असतात, पण घरच्या खात्यात, आणि तिथून ते फ्रिजला, लग्नाच्या आहेराला, औषधांना गेलेले असतात. मग माणूस सावकाराकडून तीन दिवसांसाठी रक्कम उचलतो, भरतो, लगेच काढतो. नवं-जुनं करणं म्हणतात त्याला. कर्ज कागदावर फिरतं, कमी होत नाही. तुझ्या आजोबांनी शेवटची काही वर्षं हेच केलं. मला काउंटरच्या पलीकडून ते दिसत होतं आणि सून म्हणून बोलता येत नव्हतं.

तर क्रम असा ठेव. मंडीतून आलेला पैसा शेतीच्या खात्यात. त्याच आठवड्यात केसीसी शून्य. व्याज रोजच्या बाकीवर लागतं आणि बचतीवर मिळणारं व्याज त्यापेक्षा कमीच, तेव्हा बाजूला पैसा पाडून ठेवण्यात तोटा आहे. मग पुढच्या पिकाचं बी आणि खत. सोयाबीनला हेक्टरी ७० ते ७५ किलो बी धर, म्हणजे आपल्याला दीड क्विंटल. घरचं बी चाळून उगवण तपासलीस तर विकत फार घ्यावं लागणार नाही. त्याउपर उरेल त्यातून घराला द्यायचं ते वर्षातून दोनदाच, दोन ठोक रकमांत, शेऱ्यात 'घर' असं लिहून. आणि तू पगारातून शेतीला पैसे घातलेस तर तेही आधी या खात्यात टाक, मग इथून खर्च कर. थेट दुकानदाराला दिलेस की ते उसने होते की माया होती, ते कोणालाच सांगता येत नाही. दादाला तर नाहीच.

मजुरी रोखच द्यावी लागते, ते मला कळतं. आठवड्याची एकदाच काढ. वहीत काढलेली रक्कम वर लिही, खाली नावं आणि हजेरी. मंडीत दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका दिवशी एका व्यापाऱ्याकडून घ्यायची नाही, आडत्या कितीही ओळखीचा असो. शिवाय बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली गेली की बँक प्राप्तिकर खात्याला कळवते. आपण तिथवर जात नाही. पण बाबांच्या लसणाचा पैसा तुझ्या पगाराच्या खात्यात का, हा प्रश्न चार लाखांवरही येऊ शकतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते ज्याचं त्याच्या नावाने दाखवायचं. तुझं म्हणून दाखवलंस तर पाच हजारांच्या वर आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही आणि पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते मिळवलं जातं. म्हणून सौद्याचं अनुबंध पत्रक, वजनाची तौल पर्ची, पैसे मिळाल्याचं भुगतान पत्रक, तिन्ही कागद एका टाचणीला. छावणी मंडीत माल घातला तरी आणि चोइथराम मंडीत घातला तरी.

तौल पर्ची म्हटलं की तू आठवतेस, स्कूटरवर पुढे उभी, दोन्ही हातांत ती पर्ची धरून, वाऱ्याने उडू नये म्हणून दातातसुद्धा. घरी येईपर्यंत एक कोपरा ओला व्हायचा. आजोबा तो कोपरा वहीत चिकटवायच्या आधी पदराला पुसायला माझ्याकडे द्यायचे. त्या लाल वहीत अजून आहे: 'मनूची फी, १ पोतं सोयाबीन'. दादाच्या हॉस्टेलचं त्याच पानावर आहे, ४ पोती. त्यानंतरची पानं कोणी लिहिली नाहीत.

कुठे होते मी? आधार. नवं खातं उघडताना आधार जोडण्याचा फॉर्म वेगळा भरायचा. एका आधारावर सरकारी पैसा एकाच खात्यात जातो, शेवटी जोडलेल्या. म्हणजे बाबांच्या आधारावर दुसरा काही सरकारी पैसा आला तर तोही तिकडेच जाईल. जाऊ दे, ती रक्कम मी वहीत वेगळी टिपेन. किसान सन्मान निधी आपल्याला नाहीच, माझी पेन्शन दहा हजारांच्या वर आहे. गावात कोणी 'भरून देतो' म्हणालं तर नको म्हण, नंतर वसुली येते. जोडणी झाली की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगमध्ये दिसतं. रब्बीच्या नोंदणीआधी बघ. नंतर कळलं तर गव्हाचे पैसे पुन्हा पेन्शनच्या खात्यात येऊन पडतील. आणि नावाचं स्पेलिंग! पावतीवर पटवाऱ्याने बाबांच्या नावातला 'राव' गाळलाय, आधारवर आहे. आधी ते दुरुस्त कर.

पीक विम्याचा हप्ता केसीसीतून कापला जातो, खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड. खरिपाची शेवटची तारीख ३१ जुलै असते. विमा नको असेल तर त्याच्या सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं. पण तू घे. कापल्याची नोंद पासबुकात आली का, आणि पीक 'सोयाबीन'च लिहिलंय का, एवढं बघ. पासबुक दर महिन्याला छाप. फार दिवस छापलं नाही की मशीन जुन्या नोंदी एकत्र करून एकच आकडा देतं, आणि नेमकी हवी ती नोंद त्यात बुडते.

रस्त्याकडेला मटार विकताना या खात्याचा क्यूआर लावू नकोस. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या गिऱ्हाइकाकडून तुझ्याकडे आला, तर पोलिसांच्या पत्रावर खातं गोठतं. दोनशे रुपयांच्या मटारापायी पेरणीचा पैसा अडकतो आणि तो सुटायला महिने लागतात. किरकोळीसाठी तुझं ते जुनं, कॉलेजचं खातं वापर, त्यात शे-पाचशेच्या वर ठेवू नकोस, आणि आठवड्याला इकडे वळव.

फार झालं. पुन्हा भाषण दिलं मी. माफ कर. तू शेत बघतेस त्यात मला खोड काढायची नाही. उताराला आडव्या सऱ्या काढून रुंद वरंब्यांवर पेरायचं तू ठरवलंस. परवा भाऊकाका आले होते, ते म्हणाले, "पाणी साचणाऱ्या त्या खालच्या तुकड्यात पोरीनं पहिल्यांदा डोकं लावलं." बाबांनी ते ऐकलं आणि काही न बोलता गोळ्यांची डबी उघडून बसले. त्यांना भरून आलं की ते असंच काहीतरी करतात.

एकच अजून. दर महिन्याच्या १ तारखेला त्या खात्याचं स्टेटमेंट दादाला पाठव. वर काही लिहायचं नाही, 'बघ' एवढंसुद्धा नाही. नुसतं पाठव. तो उघडणारही नाही कदाचित. मी आणि बाबा असेपर्यंत तुम्ही दोघं आमच्याकडे बघून गप्प बसाल, मला त्याच्या पुढची काळजी आहे. माझ्या काउंटरसमोर सख्खी भावंडं उभी राहिलेली मी पाहिली आहेत, मधे वकील, आणि हातात असं पासबुक ज्यात कशाचा कशाला मेळ नाही. त्यांच्यात चोर कोणीच नव्हतं.

गुरुवारी शाखेत अकराला ये, तेव्हा गर्दी कमी असते. मी बाबांना रिक्षाने घेऊन येते. त्यांचे दोन फोटो, आधार, पॅन माझ्याकडे आहेत. पावती आणि खसरा-बी१ हे जमिनीचे उतारे तुझ्याकडच्या निळ्या फाइलमध्ये आहेत, ते आण. सह्या बाबांच्या हातून नीट होत नाहीत सध्या, दोनदा सराव करून घेते. येताना राहिलेला डबा न्यायला म्हणून ये, मी तो भरून आणणार आहे.

तुझी,
आई