आता फक्त डबल्स

पेरुजा, इटली

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगणार होतो, पण बाबा, तुमचं ते लांबलेलं "बरं" ऐकलं असतं तर पुन्हा गप्प बसलो असतो. टेनिस सुरूच आहे, पण सिंगल्स सोडलं. गेल्या आठवड्यापासून फक्त डबल्सला नाव देतोय.

हरलो म्हणून नाही. (थोडंसं म्हणूनही.) मुख्य ड्रॉआधीच्या क्वालिफाइंगच्या दोन मॅच खेळल्या की गुडघा रात्रभर ठणकतो. डबल्सला अर्धं कोर्ट सांभाळायचं, ड्यूसला (40-40 झालं की) एकच पॉइंट, तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक. शिवाय सर्व्हिस आणि नेटवरचा हात, एवढंच तर माझं भांडवल. आपला रोहन बोपण्णा 2024 मध्ये 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स जिंकला, डबल्सचा नंबर वनही झाला, तेही गुडघ्यातली कूर्चा झिजल्यावर, अय्यंगार योगाच्या जोरावर. मी तर 29चाच आहे. 2019 मध्ये बालेवाडीला तो आणि दिविज शरण जिंकले, तेव्हा तुम्ही परत येताना म्हणालात, "चेक दोघांत वाटायचा की!" हो बाबा, वाटायचा. पण हॉटेलची खोलीही दोघांत वाटली जाते.

आई, तुला हसू येईल. चॅलेंजरला, म्हणजे मोठ्या टूरच्या खालच्या पातळीच्या स्पर्धांना, ड्रॉमध्ये 16च जोड्या, आणि प्रवेश दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर. म्हणजे दर आठवड्याला पत्रिका जुळवणं. तू आणलेली स्थळं नाकारणारा मी आता स्वतःच फोन करत फिरतो, "मोकळा आहेस का?" सध्याचा पार्टनर डावखुरा आहे, स्वभावाने गरीब. तुझं मेतकूट त्याला आवडलं, निम्मं त्यानेच संपवलं. छोटा कुकर चालतोय, रोज वरण-भात होतो, झोप होते. काळजी नको.

परवा बसमध्ये डुलकी लागली आणि वाटलं, पहाटेची स्कूटर आहे, मी बाबांच्या पाठीला आईच्या ओढणीने बांधलेला, रॅकेट मध्ये टोचतंय. जाग आल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

आता ऐका. बी.पी.ची गोळी नाश्त्यानंतर, विसरलो-बिसरलो चालणार नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, पंखे पुसायला माणूस बोलवा. आई, गुडघ्याचा एक्स-रे याच महिन्यात काढ, पैसे पाठवलेत. आणि तळेगावच्या प्लॉटचं नाव काढायचं नाही. दलालाशी बोलणं झालंय हे मला कळलंय. रागावलो नाही, पण तो तुमचा आहे, माझ्या तिकिटांसाठी नाही.

पार्टनर खालून हाका मारतोय. प्रॅक्टिसला जातो.

तुमचा,
बाळू